८ जनावरं, २ एकर पाण्याखाली, ४ एकर माळ: वर्षभराची वैरण कशी बसवायची

एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाऊस ५०० मिमीच्या आसपास, ५ दुभत्या संकरित गाई, २ गाभण भाकड, १ कालवड. विहिरीवर २ एकर भिजतं पण मार्चमध्ये विहीर तळ गाठते. ३ एकर जिरायत, ४ एकर मुरमाड माळ नुसता पडून, शेजारी गावाचं गायरान. दरवर्षी फेब्रुवारी संपला की वैरण विकत घ्यायची वेळ येते, आणि आता सगळे सांगतायत की २ एकरात नेपियर, म्हणजे हत्तीगवत, लावून मोकळा हो. करू का?

नको. २ एकर नेपियर लावलं तर तुमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एवढी हिरवी वैरण होईल की कापायला माणूस मिळणार नाही, ती उभी जून होईल, आणि एप्रिलमध्ये विहीर आटली की तेच ठोंब वाळून उभे राहतील आणि तुम्ही परत विकतच्या कडब्याच्या मागे. तुमच्याकडे वर्षाची गोळाबेरीज कमी पडत नाहीये, महिने जुळत नाहीयेत. उन्हाळ्याची वैरण उन्हाळ्यात पिकवायला जाऊ नका, ती पावसाळ्यात पिकवून झाकून ठेवायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं गुंठ्यांचं आणि टनांचं गणित आहे.

तर आधी हिशोब. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला वजनाच्या साधारण ३ टक्के ड्राय मॅटर लागतं, म्हणजे पाणी सोडून जे खरं खाणं उरतं ते १२ किलो. त्यातलं दोन तृतीयांश वैरणीतून यायला हवं, म्हणजे ८ किलो, राहिलेलं आंबोणातून, म्हणजे पेंड-भरड्यातून. हिरव्या वैरणीत सरासरी २० टक्के ड्राय मॅटर धरलं तर २० किलो हिरवी म्हणजे ४ किलो, आणि वाळली वैरण साडेचार किलो म्हणजे दुसरे ४ किलो. भाकड आणि कालवडीला थोडं कमी लागतं पण हात राखून सगळ्यांना एकच धरूया. ८ जनावरं म्हणजे रोज १६० किलो हिरवी आणि ३६ किलो वाळली. वर्षाला ५८ टन हिरवी, १३ टन वाळली. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, बऱ्याच जणांना आपल्या गोठ्याचं वर्षाचं खाणं किती टन आहे हेच माहीत नसतं आणि मग "यंदा चारा भरपूर आहे" असं म्हणत जानेवारी येतो.

यात एक मेख आहे ती सांगतो. कोवळं लुसलुशीत नेपियर, ३० दिवसांचं, त्यात ड्राय मॅटर १२-१३ टक्क्यांवर येतं. २५ किलो टाकलं तरी पोटात गेलं ३ किलो, बाकी पाणी. गाय पोट तट्ट फुगवून उभी असते, शेण पातळ टाकते आणि दूध वाढत नाही, आणि मग माणूस म्हणतो या गवतात दम नाही. उलट ७०-८० दिवसांचं बांबूसारखं झालेलं नेपियर टाकलं तर ती पानं खाते आणि खोड गव्हाणीत ठेवते. पहिली कापणी लावणीनंतर ६० ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४० ते ४५ दिवसांनी, जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर वर. जमिनीलगत खरडून कापलं की फुटवे कमी होतात आणि दोन वर्षांत ठोंब पोकळ होतो.

जातींबद्दल फार लोक भांडतात. डीएचएन-६ झालं, को-४, को-५ झालं, राहुरीचं फुले जयवंत झालं, सगळी चांगली आहेत. को-४ ला पानावरची टोचणारी कूस कमी आणि पान मऊ म्हणून जनावर आवडीने खातं, जयवंत आपल्याकडे रुळलेलं आहे. थायलंडहून आलेलं सुपर नेपियर पण वाईट नाही. पण मोबाईलवर "एकरी २०० टन" म्हणून जे कांड्या विकतात त्यांना एकच विचारा, पाणी किती, खत किती आणि थंडीत किती. नेपियर हे उष्ण हवेचं गवत आहे, रात्रीचा पारा १५ च्या खाली गेला की वाढ बसते. बारमाही पाणी आणि भरपूर शेणखत असेल तर एकरी ६० टन धरा, जास्त मिळालं तर आनंद. तुमच्याकडे जुलै ते फेब्रुवारी एवढंच पाणी, म्हणजे एकरी ४० टन.

आता २ एकर म्हणजे ८० गुंठे कसे वाटायचे ते. २० गुंठे नेपियर, ९० बाय ६० सेंटीमीटरवर दोन डोळ्यांच्या कांड्या, एक डोळा मातीत एक वर. यातून मध्य जुलै ते मध्य फेब्रुवारी सुमारे २० टन येईल, तुमची या सात महिन्यांची हिरव्याची गरज साधारण ३४ टन, म्हणजे अर्ध्याच्या वर इथेच भागलं. १० गुंठे द्विदल चारा: पावसाळ्यात चवळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथेच लसूणघास. एकरी १० किलो बी या हिशोबाने १० गुंठ्याला अडीच किलो पुरतं, पहिली कापणी ५०-६० दिवसांनी मग दर २५-३० दिवसांनी, विहीर देईल तोवर. घास बारमाही आहे पण तुमच्याकडे तो हंगामीच समजायचा, उन्हाळ्यात चार वाफे जगवायला टँकर आणण्यात काही अर्थ नाही. नुसत्या घासावर जनावर सोडू नका, सकाळी उपाशीपोटी कोवळा ओला घास भरपूर खाल्ला तर पोटफुगी होते, आधी वाळली वैरण पोटात जाऊ द्या. आणि उरलेले ५० गुंठे मका, तो मुरघासासाठी, म्हणजे हिरवा मका बारीक कुट्टी करून, हवाबंद दाबून आंबवून ठेवायचा. सगळा खेळ या ५० गुंठ्यांवर आहे. हिरव्यात जी १० टनांची तूट उरते ती खरिपात बांधावरची शेवरी, जिरायतातली हिरवी ज्वारी-बाजरी आणि दुसऱ्या वर्षापासून माळावरचं कापून आणलेलं गवत मिळून भरते, तिची काळजी करू नका.

मुरघासाचं गणित करूया. मध्य फेब्रुवारी ते मध्य जुलै, १५० दिवस. मुरघासात ड्राय मॅटर ३० टक्क्यांच्या पुढे असतं म्हणून २० किलो हिरव्याच्या जागी १५ किलो पुरतो. ८ जनावरं गुणिले १५ म्हणजे रोज १२० किलो, १५० दिवसांत १८ टन, १० टक्के वाया धरून २० टन. मका चांगला आला तर एकरी १६ ते २० टन हिरवा माल मिळतो, सव्वा एकरात तुमचे २० टन बसतात. बघा, विकतची वैरण म्हणून जी दरवर्षी डोकेदुखी होते ती सव्वा एकराची गोष्ट आहे आणि तीही पावसाळ्यातल्या पाण्यावर.

मका कुठला लावायचा? आफ्रिकन टॉल हिरवा कापून घालायला छान आहे, उंच होतो, डोळ्यात भरतो. पण मुरघासाला मला कणसाचा मका जास्त आवडतो कारण मुरघासाची ताकद कणसात असते, खोडात नाही. दाण्याचा मका ६० बाय २० वर टोकायचा, एकरी ८ किलो बी. आफ्रिकन टॉलच लावणार असाल तर दाट पेरून फुलोऱ्यात कापू नका, कणीस भरू द्या. २०१८ पासून लष्करी अळी आली आहे तेव्हा पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, लक्ष ठेवा, आणि जे औषध मारलं त्याच्या डब्यावर कापणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय कुट्टी करू नका, शेवटी ते दुधात येतं.

कापायची वेळ दिवसांवर ठरवू नका. "८५ दिवस झाले, कापला" असं करतात, पण जात आणि हवा बघून पाच-दहा दिवस सहज इकडे तिकडे होतात. शेतात मधल्या ओळीत जा, एक कणीस सोला आणि मधोमध मोडा. मोडलेल्या बाजूचे दाणे नीट बघा, दाण्याच्या टोकाकडून पिवळा टणक भाग खाली सरकत येतो आणि बुडाकडे पांढरं दूध असतं, दोन्हींच्या मध्ये एक रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ दाण्याच्या अर्ध्यावर आली की मशीनवाल्याला फोन करायचा. रेघ दिसतच नाही, सगळं दूधच आहे, तर आठ-दहा दिवस थांबा. आणि रेघ पार बुडाला गेली असेल तर उशीर झाला, दाणा शेणातून आख्खा बाहेर पडेल. मग कुट्टी केलेला मूठभर माल घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा आणि मूठ उघडा. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर बरोबर. बोटांतून पाणी गळलं तर ओला, कुट्टी करण्याआधी कापून अर्धा दिवस सुकू द्यायचा. उघडल्याबरोबर भुगा पडला तर वाळला, दाबताना थोडं पाणी शिंपडावं लागेल.

कुट्टी १ ते २ सेंटीमीटर. थर १५-२० सेंटीमीटरचे, प्रत्येक थरावर ट्रॅक्टर किंवा माणसं नाचवा, कडेला पायाने जास्त दाबा कारण हवा कडेलाच राहते. एक-दोन दिवसांत भरून, झाकून, वर वजन ठेवून मोकळं व्हायचं, चार दिवस रोज थोडं थोडं भरत बसलात की खालचा माल तापतो. मक्याला गूळ-बिळ काही लागत नाही, त्यात साखर पुरेशी असते. नेपियरचा मुरघास करायचा असेल तर मात्र आधी सुकवून घ्या आणि शंभर किलोला एक-दोन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा. ४०-४५ दिवसांनी उघडायला तयार.

खड्डा किती मोठा, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ऐसपैस रुंद खड्डा खणतात आणि मग जनावरं आठच, रोज एका कोपऱ्यातून चार पाट्या काढतात, बाकीचं तोंड उन्हात उघडं. हवा लागली की मुरघास परत तापायला लागतो, उन्हाळ्यात तर दोन दिवसांत बुरशी. नियम असा की तोंडाची पूर्ण भिंत रोज १० सेंटीमीटर तरी आत सरकली पाहिजे. एक घनमीटर नीट दाबलेला मुरघास ६०० किलोच्या आसपास भरतो, तुमचा रोजचा १२० किलो म्हणजे ०.२ घनमीटर. तर ०.२ भागिले ०.१, तोंड २ चौरस मीटरपेक्षा मोठं नको. दीड मीटर रुंद, सव्वा-दीड मीटर उंच आणि लांबी सोळा-सतरा मीटर, म्हणजे लांबट बोळासारखा खड्डा, किंवा त्याचे दोन तुकडे. एवढं नको असेल तर बॅगा वापरा, अर्ध्या टनाची बॅग तुम्हाला चार दिवस जाते, ते तुमच्या गोठ्याला अगदी मापात बसतं. टनाची बॅग स्वस्त पडते पण आठ दिवस उघडी राहते. बॅगेला उंदीर हा खरा शत्रू, एक भोक पडलं की भोवतीचा हातभर माल काळा. उघडल्यावर आंबटगोड वास आणि पिवळसर हिरवा रंग असेल तर उत्तम. तंबाखूसारखा वास आणि करपट तपकिरी रंग म्हणजे तापलेला आहे, जनावर खाईल पण सत्त्व गेलं. चिकट, घाण वासाचा किंवा पांढरी-निळी बुरशी धरलेला भाग सरळ उकिरड्यावर, गाभण गाईला तर चुकूनही नको. आणि पहिल्या दिवशी १५ किलो टाकू नका, ४-५ किलोपासून आठवड्याभरात वाढवा.

वाळल्या वैरणीचे १३ टन कुठून? ३ एकर जिरायतात जमीन मध्यम खोल असेल तिथे रब्बी ज्वारी, मालदांडी ३५-१ चा कडबा अजून कोणी मोडीत काढलेला नाही, धान्य आणि वैरण दोन्ही. हलक्या तुकड्यात बाजरी आणि तिचं सरमाड. एकरी दोन टन धरले तर ६ टन. सोयाबीन-तुरीचं भुसकट, भुईमुगाचा पाला असेल तर तो सोन्यासारखा जपा, बरेच जण तो शेतातच पेटवतात. उरलेलं माळावरून, त्याकडे येतोच.

त्याआधी कुट्टी. आख्खा कडबा पुढ्यात टाकला की चौथा ते तिसरा हिस्सा पायाखाली जातो. ६ टनातले दीड-दोन टन असे शेणात जात असतील तर कुठली नवीन जात लावून ते भरून काढणार तुम्ही? कडबाकुट्टी मशीन ही नवीन वैरण पिकवण्यापेक्षा आधी करायची गोष्ट. तुकडा दोन-तीन सेंटीमीटर ठेवा, पीठ करू नका, रवंथाला लांबी लागते नाहीतर दुधाची फॅट घसरते. आणि गव्हाणीला पुढून आडवा पाइप किंवा बांबू लावा, गाय मान वर करून घास उडवते ते बंद होतं.

युरिया प्रक्रियेबद्दल पण विचारलंय तुम्ही. चालते, पण नीट. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून दाबून, प्लास्टिकने हवाबंद २१ दिवस. उघडल्यावर तास-दीड तास पसरून ठेवा म्हणजे अमोनियाचा वास उडतो. प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात आणि काड पचायला हलकं होतं. ६ महिन्यांच्या आतल्या वासराला नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात उघडी ठेवायची नाही, तहानलेली गाय ते पाणी प्यायली तर डॉक्टर येईपर्यंत राहत नाही. कडब्यावर प्रक्रिया करत बसू नका, तो मुळात चांगला आहे, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, निकृष्ट सरमाड यांच्यावर करा.

उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्त मिळतात म्हणून हंगामात चार महिने तेच चालू असतं खूप ठिकाणी. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, गाय दिसायला भरलेली पण माजावर येत नाही, व्यायल्यावर आडवी पडते. हिरव्याच्या निम्म्याच्या वर वाढे नकोत, सोबत घास किंवा शेवरी द्या आणि खनिज मिश्रण ५० ग्रॅम रोज, न चुकता. नेपियरमध्येही ऑक्झलेट असतं, म्हणून खनिज मिश्रण तसंही लागणारच. कोवळी ज्वारी, गुडघ्याएवढी, आणि त्यात पावसाने ताण दिलेला, ती तर तोंडालाही लावू देऊ नका, किराळ लागते, सायनाइड आहे ते. फुलोऱ्यात आली की धोका गेला.

आता माळ. मला विचाराल तर तुमची सगळ्यात दुर्लक्षित इस्टेट ही ४ एकर आहे. तुम्ही लिहिलंय "तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही". का उगवत नाही ते बघा. दख्खनच्या माळावर मुळात पवना, मारवेल, डोंगरी अशी चांगली गवतं होती. पहिला पाऊस पडतो, कोंब येतो, आणि त्याच आठवड्यात जनावरं सुटतात. गवताचा पहिला कोंब हा मुळात साठवलेल्या शिदोरीवर येतो, तो खाल्ला की परत फुटायला परत शिदोरी खर्च, असं दोन-तीनदा झालं की ठोंब मरतो. जनावर चवीचं गवत आधी शोधून खातं, म्हणजे चांगल्या गवताला बी धरायची संधीच नाही. कुसळीला कुसं आली की तोंड लावत नाहीत, तिचं बी मात्र बिनधास्त पडतं. असं वर्षानुवर्षं झालं की कुसळी उरते, मग तीही जाऊन गाजर गवत, घाणेरी, तरोटा. जमीन नापीक झालेली नसते, निवड उलटी झालेली असते.

म्हणून पहिलं काम बंदी. जून ते ऑक्टोबर एकही जनावर माळावर नाही, शेजाऱ्याचंही नाही, त्यासाठी काटेरी कुंपण नाहीतर चर-बांध करा. नुसत्या बंदीने दोन पावसाळ्यांत फरक दिसतो कारण बांधाच्या कडेला, दगडाच्या आडोशाला जुनी ठोंबं जिवंत असतातच. घाणेरी मुळासकट काढा, ती विषारी आहे. आणि ट्रॅक्टर घालून सगळा माळ नांगरू नका, हे फार लोक करतात, ३ इंच माती आहे ती पहिल्या वळवात ओढ्याला. उताराला आडवे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर नुसते ओरखडे काढायचे आणि त्यात बी.

बी कुठलं? अंजन आणि मारवेल ही गवतं, जोडीला स्टायलो. अंजन हलक्या मुरमात, कमी पावसात टिकतं. मारवेल जरा माती असलेल्या खोलगट जागी, आणि ते बियांपेक्षा ठोंबांनी लावलेलं खात्रीचं, पाऊस लागला की ५०-५० सेंटीमीटरवर. अंजनाचं ताजं बी उगवत नाही, ते सहा-आठ महिने जुनं हवं, यंदाचं झोडलेलं यंदाच पेरलं आणि मग बी बोगस म्हणून शिव्या घातल्या असं बऱ्याच ठिकाणी होतं. बी कुसाळ आणि वाऱ्याने उडणारं असतं, ओलसर माती आणि शेण कालवून त्याच्या गोळ्या करा, एकरी दोन-अडीच किलो बी पुरे, आणि एक सेंटीमीटरच्या खाली गाडू नका. स्टायलोच्या बियांचं कवच कडक असतं, ८० अंशाच्या गरम पाण्यात चार मिनिटं आणि मग रात्रभर गार पाण्यात. स्टायलो पहिल्या वर्षी दिसतसुद्धा नाही गवतात, निराश होऊ नका, ते द्विदल आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवताला नत्र आणि जनावराला प्रथिनं दोन्ही देतं.

पहिल्या वर्षी काही कापू नका, बी पडू द्या. दुसऱ्या वर्षी कापणी, चराई नाही. तिसऱ्या वर्षापासून चार भाग पाडून आळीपाळीने चारू शकता, एक भाग दरवर्षी बियांसाठी सोडून. उघड्या पडलेल्या माळावर हेक्टरी १ टन वाळलं गवत मिळणं मुश्किल, जपलेल्या कुरणावर बरा पाऊस झाला तर ३ ते ५ टन. तुमचे ४ एकर म्हणजे १.६ हेक्टर, तिसऱ्या वर्षी ५ टन धरायला हरकत नाही. ६ टन कडबा-सरमाड, ५ टन गवत, वर भुसकट: तुमचे १३ टन झाले की.

पण कापायची वेळ! आपल्याकडे गवत दिवाळीनंतर, पार पिवळं झाल्यावर कापतात कारण तेव्हा वाळवायची चिंता नसते. फुलोऱ्यात त्याच गवतात प्रथिनं ६-७ टक्के असतात, डिसेंबरमध्ये २-३ वर येतात, म्हणजे तुम्ही गंजी रचताय ती निव्वळ काडाची. पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये, अर्धं गवत फुलोऱ्यात असताना कापा, दोन-तीन दिवस उलथं पालथं करून वाळवा, हिरवट रंग टिकला पाहिजे. थोडं ओलं रचलं तर आतून तापून काळं पडतं, कधी पेटही घेतं, तेव्हा गंजीत हात खुपसून बघा, गरम लागलं तर मोडा.

माळावर झाडं लावू का, असंही शेवटी विचारलंय. भर माळात खड्डे काढून दाट झाडी नको. गवताचा माळ ही पडीक जमीन नाही, ती आहे तशीच कामाची आहे, सावली झाली की ही गवतं जातात. कडेने, बांधावर शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास लावा. शेवरी तर एका पावसाळ्यात कापायला येते. सुबाभूळ चांगली पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, हिरव्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच द्या, आणि शेंगा धरू देऊ नका नाहीतर तीच माळ खाईल.

गायरानाचं सांगायचं तर ते एकट्याचं काम नाही, ग्रामसभेत ठराव लागतो. हिवरे बाजार, राळेगणसिद्धीला चराईबंदी करून गवत कापून नेऊ दिलं आणि त्याचा फायदा सगळ्यांनी बघितला. पण मी एक सांगेन, सगळं गायरान एका दमात बंद करू नका. ज्यांच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत किंवा जे मेंढ्या घेऊन येतात त्यांची वैरण तेवढीच असते, त्यांना न विचारता केलेली बंदी पहिल्या उन्हाळ्यात मोडते. एक तृतीयांश बंद, दोन पावसाळ्यांनी पुढचा तुकडा, आणि बंद तुकड्यातलं कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचा, असं केलं तर तेच लोक राखण करतात.

अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) आणि हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेल्या चाऱ्याचे व्हिडिओ पाठवलेत, बघितले. ट्रेमधल्या चाऱ्यात एक किलो मक्याचा सहा-सात किलो हिरवा गालिचा होतो खरा, पण तो सगळा पाण्याचा फुगवटा, ड्राय मॅटर बियांत होतं त्यापेक्षा थोडं कमीच निघतं. तो मका भरडून द्या, सोपं पडेल. अझोला कोंबड्यांना चांगला, ८ गाईंच्या गोठ्यात त्याने काही फरक पडत नाही.

अजून एक, वैरणीशी थेट नाही पण आहेच. गाई कधी वितात ते बघा. सगळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विणार असतील तर सगळ्यात जास्त खाण्याची गरज आणि सगळ्यात कमी हिरवं एकाच वेळी येतं, वर ऊन. गाई भरवताना (रेतन करताना) ऑगस्ट ते नोव्हेंबरात विण्याचं जमवलं तर उन्हाळ्यात बऱ्याच जणी आटायला आलेल्या असतात आणि तोच मुरघास जास्त दिवस जातो. एका वर्षात नाही होत हे, दोन-तीन वेतांत सरकवत न्यावं लागतं.

आता पाऊस तोंडावर आहे तर क्रम असा: आधी माळाचं कुंपण, कारण ते जूनच्या पहिल्या पावसाआधीच झालं पाहिजे. मग मका, वाफसा आला की लगेच. नेपियरच्या कांड्या जुलैत लावल्या तरी चालतं, त्या एखाद्या विश्वासाच्या शेतकऱ्याच्या रानातून प्रत्यक्ष बघून आणा, तीन महिन्यांच्या खोडाच्या. आणि विहिरीवर जानेवारी-फेब्रुवारीत मोटर रोज किती तास सलग चालते ते कळवा, त्यावर घासाचे १० गुंठे ठेवायचे की ५ ते सांगतो.